सातव्या नंबरच्या चिठ्ठ्या

एका घरात दोन जावा. थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. मधे अठरा पायऱ्यांचा जिना आणि त्या जिन्यावर सासूबाईंची ये-जा. अशी घरं काही कमी नाहीत. पण या दोघींचं एक वेगळं होतं. दोघी एकाच इस्पितळात, एकाच प्रसूती वॉर्डात कामाला होत्या. थोरली तिथली मुख्य सिस्टर, बावीस वर्षं जुनी. धाकटी तिथली डॉक्टर, तिला नऊ वर्षं झालेली. घरात मान थोरलीचा, इस्पितळात धाकटीचा. सकाळी चहा ओतताना जी 'अगं' असायची, ती अर्ध्या तासानं पांढरा कोट घालून समोर आली की 'डॉक्टर' व्हायची, आणि जी 'ताई' असायची ती 'सिस्टर'. वाटेत कुठंतरी, बहुधा इस्पितळाच्या फाटकापाशी, दोघींची पारडी खालीवर व्हायची. थोरलीला ते रोज नव्यानं कळायचं. चावणारी चप्पल रोज त्याच जागी चावते, तसं.

वॉर्डात थोरलीला 'तराजू' म्हणत. मागून तर म्हणतच, तोंडावरही म्हणत, आणि तिला ते आवडायचं. नुकतं जन्मलेलं बाळ ती दोन्ही हातांवर घ्यायची, जरासं वर-खाली करायची आणि म्हणायची, "दोन किलो आठशे." मग बाळ काट्यावर ठेवायचे, आणि काटा जणू तिला विचारूनच आकडा दाखवायचा. फार तर पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे. यावर चहाच्या पैजा लागत. रक्ताचंही तसंच. बाळंतपण झालं की खाली अंथरलेल्या फडक्यांकडे बघून ती सांगायची, अडीचशे गेलं, चारशे गेलं. कागदावर तोच आकडा चढायचा. फरक एवढाच, की बाळाचं वजन काट्यावर पडताळलं जायचं. रक्ताचं कधी कोणी पडताळलं नव्हतं. हाताला यश होतं, म्हणून लोकांनी डोळ्यालाही देऊन टाकलं होतं.

थोरलीच्या आईला बोलता बोलता ओळी जुळवायची सवय होती. ती लेकीच्या बोटांत उतरली होती. वॉर्डातल्या फडक्यांच्या घड्या घालताना तिच्या मनात यमकं आपोआप येऊन बसायची.

*जावा-जावा आम्ही, एका दाराच्या दोन फळ्या*
*एक वाऱ्याला मोकळी, एकीला दोन कड्या*

मोकळी फळी कोण, हे सांगायला नको.

धाकटी लग्न होऊन आली आणि महिन्याभरात वॉर्डात रुजू झाली, तेव्हा तिचे हात नवखे होते. थोरलीनं ते हात धरून बाईच्या पोटावर ठेवले होते. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं की नाही, ते हातालाच कळतं. चेंडू लागला तर हसायचं, कणीक लागली तर पळायचं, असं तिनं शिकवलं होतं. धाकटी ते शिकली, आणि मग थांबलीच नाही. पहिली चार वर्षं ती गरोदरपणातल्या रक्तदाबामागे लागली. सहाव्या महिन्यापासून दर आठवड्याला दाब मोजला तर झटके येणाऱ्या बायका आधीच कशा हेरता येतात, ते तिनं दाखवून दिलं. दाब मोजायचं यंत्र खांद्याला अडकवून ती वस्त्यांमधून हिंडली, उन्हानं काळवंडली, आणि शेवटी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. सासूबाईंनी ते कात्रण पर्समध्ये ठेवलं आणि भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवलं. दातांच्या डॉक्टरनं तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा त्या ते आधीच उघडून बोलत होत्या.

थोरली हसली होती. 'छान आलाय गं फोटो' असंही म्हणाली होती. हेवा काही आगीसारखा नसतो, असं तिला वाटे. आग एकदा विझते तरी. हेवा दुधासारखा. लक्ष नसलं की उतू जातो, लक्ष ठेवलं की साय धरतो. ती लक्ष ठेवून होती. वरच्या मजल्यावरचा दिवा किती वाजता लागतो, धाकटीला टपाल कुठून येतं, तिचं पेन कोणतं, तिनं पायरीवर उभ्या उभ्या खाल्लेला पाव अर्धा टाकला की पुरा संपवला, सगळं थोरलीला ठाऊक असायचं. प्रेम करणाऱ्यालाही इतकं ठाऊक नसतं.

हेवा तरी कशाकशाचा करावा? तिला धाकटीच्या दुःखाचासुद्धा हेवा वाटे. धाकटीच्या टेबलाच्या खणात एक जुना कागद होता. पहिल्याच वर्षी तिच्या हाताखाली बाळंत झालेली एक बाई तीन तासांत गेली होती. त्या कागदावर लिहिलं होतं: 'रक्तस्राव सुमारे तीनशे मिली.' तीनशेनं कोणी मरत नाही. म्हणजे तो आकडाच खोटा होता. ती सल घेऊन धाकटीनं पुढचं सगळं काम काढलं होतं. त्या दिवशी थोरली रजेवर होती. वॉर्डातल्या मावशी, म्हणजे फडकी-बादल्या सांभाळणारी बाई, तेव्हा म्हणाल्या होत्या, "तराजू असती तर ती बाई वाचली असती." हे वाक्य थोरलीनं नऊ वर्षं जपून ठेवलं होतं. धाकटीपाशी कात्रण होतं, आपल्यापाशी हे वाक्य आहे, असा तिचा हिशेब.

आणि मग धाकटीनं रक्ताचा काटा आणला.

चपटा, पांढरा, स्वयंपाकघरात असतो तसला. योजना साधी होती. कोरड्या फडक्याचं वजन ठाऊक असतं. बाळंतपणानंतर भिजलेली फडकी तोलायची, कोरडं वजन वजा करायचं, उरलं ते रक्त. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानानं एक मिली. पाचशेच्या वर गेलं की कोणाची वाट न बघता औषध, सलाईन, हाक. पण आधी धाकटीला हे सिद्ध करायचं होतं, की नुसत्या डोळ्यानं सांगितलेला आकडा किती चुकतो. म्हणून तिनं वॉर्डातल्या बारा सिस्टरांना बारा नंबर दिले आणि गुलाबी चिठ्ठ्या वाटल्या. नियम एकच. आधी बघायचं, चिठ्ठीवर आपला नंबर आणि आपला अंदाज लिहायचा, चिठ्ठी बिस्किटांच्या जुन्या डब्याला पाडलेल्या फटीतून आत टाकायची, आणि मगच फडक्यांची बादली काट्याकडे न्यायची. चिठ्ठी आधी, काटा मागून. डबा धाकटी उघडणार.

थोरलीला सातवा नंबर मिळाला. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "डॉक्टर, आमच्या डोळ्यांची परीक्षा घेताय? घ्या." सगळ्या हसल्या. काट्यावर पैज लावायची तर तराजूवर लावा, असं मावशी म्हणाल्या.

पहिल्या दिवशी तिनं नियमाप्रमाणे बघितलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, तीनशे. चिठ्ठी हातात होती, डबा दोन पावलांवर होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कोणीतरी हाक मारली. तिनं चिठ्ठी खिशात टाकली, जाऊन आली, आणि घाईघाईत बादली उचलून आधी काट्यापाशी गेली. फडकी ठेवली, वजाबाकी केली.

पाचशे पन्नास.

तिनं पुन्हा वजाबाकी केली. काटा शून्यावर आणून फडकी पुन्हा ठेवली. पाचशे पन्नास. खिशातली चिठ्ठी तिला मांडीशी गरम लागली. बावीस वर्षं, किती कागद, किती 'तीनशे'. पण तिच्या मनात ते आलं नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच: आज संध्याकाळी धाकटी डबा उघडेल, सातवा नंबर बघेल, आणि काही बोलणार नाही. ते न बोलणं तिला दिसलं, अगदी धाकटीच्या भुवईसकट. तिनं नवी चिठ्ठी घेतली, लिहिलं, पाचशे वीस, आणि डब्यात टाकली. जुनी चिठ्ठी घडी घालून कपड्यांच्या नोंदवहीच्या कव्हरात सरकवली. फाडायला का धजली नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर आठ महिने सातव्या नंबरची प्रत्येक चिठ्ठी काटा बघून लिहिली गेली. हुबेहूब आकडा ती कधी लिहायची नाही. कधी तीस कमी, कधी वीस जास्त, एकदा तर मुद्दाम साठ. खोटं बोलायचं तर तेही मापातच. तिला विचारणारं कोण होतं? मुख्य सिस्टर स्वतः बादली उचलते, याचं सगळ्यांना कौतुकच होतं. फक्त मावशी एकदा फडकी पिळता पिळता, वर न बघता म्हणाल्या, "आजकाल तराजूचा डोळा फार चालतो. पायसुद्धा चालतात, आधी काट्याकडे." थोरलीनं ऐकलं नाही असं केलं. मावशींनी बोललं नाही असं केलं.

नवव्या महिन्यात एका संध्याकाळी धाकटीनं जिन्यावरून हाक मारली. थोरली वर गेली तर सासूबाई आधीच खुर्ची धरून बसलेल्या. टेबलावर कॉम्प्युटर उघडा होता, त्यावर एक तिरकी रेघ आणि रेघेखाली ठिपक्यांचा सडा. धाकटीनं समजावून सांगितलं. रेघ म्हणजे काट्याचा खरा आकडा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिठ्ठी. जितकं रक्त जास्त, तितके ठिपके रेघेच्या खाली खाली घसरलेले. डोळा निम्म्यावर येऊन दमतो. दोनशेला डोळा बरोबर, हजाराला डोळा आंधळा. अकराही सिस्टरांचं हेच.

"आणि आता हे बघा, ताई." तिनं एक कळ दाबली. हिरवे ठिपके उमटले. एकाहत्तर. सगळे रेघेला बिलगून, शेवटच्या टोकापर्यंत. "हा सातवा नंबर. माझा विश्वास बसेना, मी तीनदा तपासलं. जगात कुठं असं नोंदलेलं मला सापडलं नाही."

थोरलीला वाटलं, हिनं ओळखलं. पण धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते निखळ कौतुकाचं होतं. ती भरभर बोलत गेली. सगळं गणितच बदललंय. अनुभवी डोळा तयार होऊ शकतो, याचा हा पुरावा. दूरदूरच्या लहान दवाखान्यांत काटा पोचत नाही, पोचला तर बिघडतो. तिथल्या सिस्टरांना ताईंनी शिकवायचं. शोधनिबंधात ताईंचं नाव, तीन आठवड्यांनी परिषद आहे तिथं ताईही बरोबर. सासूबाई उठल्या, थोरलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला पहिल्यापासून माहीत होतं." त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण तो हात थोरलीला एकवीस वर्षांत पहिल्यांदा मिळाला होता.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तिनं विचारलं, परिषदेला कोट घालावा लागतो का.

पुढचे दिवस सणासारखे गेले, पण दुसऱ्याच्या घरच्या सणासारखे. सासूबाईंच्या पर्समध्ये आता थोरलीचाही फोटो गेला, ओळखपत्रावरचा, त्यात ती चोरासारखी दिसत होती. भाजीवाल्यानं अभिनंदन केलं. जिन्यावर धाकटी बाजूला होऊन वाट देऊ लागली. थोरली घड्या घालायची आणि ओळ यायची:

*उसन्या पाण्यानं भरला माझा माठ काठोकाठ*
*पिणाऱ्याला लागे गोड, मला ठाऊक त्याची वाट*

मग धाकटीनं रक्ताचा काटा डोंगरापलीकडच्या एका लहान दवाखान्याला पाठवून दिला. म्हणाली, "इथं तुम्ही आहात. तिथं काटा जाऊ दे." थोरलीनं स्वतःच्या हातानं तो जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवला. दोरीची गाठ तीनदा सुटली.

काटा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, परिषदेच्या आठ दिवस आधी, एक बडे डॉक्टर पाहुणे म्हणून आले. परिषदेचे अध्यक्ष तेच होते. त्यांना हा डोळा बघायचा होता. दुपारचे दोन वाजले होते, वॉर्डात ऊन आडवं पडलं होतं. तीन नंबरच्या टेबलावर एक शिंपीण होती, तिसरं बाळंतपण, हसरी आणि तोंडाळ. कळा देता देताही ती मावशींच्या झग्याची बाही कुठं उसवलीय ते सांगत होती. मुलगी झाली. थोरलीनं हातांवर घेतली, "तीन किलो शंभर", काट्यानं तीन किलो ऐंशी दाखवलं, पाहुणे हसले. वार पडली. मावशींनी फडकी बदलली.

"सिस्टर," धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात आपलं माणूस पुढं करतानाचा तोरा होता, "रक्त किती गेलं असेल?"

थोरलीनं फडक्यांकडे बघितलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा खरंच बघत होती. लाल म्हणजे लाल. त्यातून तिला काहीही कळलं नाही. मन म्हणालं, तीनशे म्हण. आणखी थोडं म्हण, भारदस्त वाटेल.

"साडेतीनशे," ती म्हणाली.

पाहुण्यांनी डायरीत लिहून घेतलं. धाकटीनं मान हलवली आणि त्यांना घेऊन पलीकडच्या टेबलाकडे गेली. साडेतीनशे म्हणजे काळजी नाही. सातव्या नंबरचे साडेतीनशे म्हणजे तर काट्याचेच.

शिंपिणीनं जांभई दिली.

थोरलीचा हात सवयीनं तिच्या पोटावर होता. चेंडू होता, पण मधेच कणीक व्हायचा आणि पुन्हा चेंडू. शिंपिणीनं आणखी एक जांभई दिली, पाणी मागितलं आणि म्हणाली, "सिस्टर, ऊन गेलं का हो?" ऊन तिच्या पायांवर होतं. थोरलीनं नाडी धरली. एकशे अठरा. खालचं नवं फडकं बघितलं. भिजलं होतं. धार नव्हती, आरडाओरडा नव्हता, गळक्या नळासारखं गुपचूप चाललं होतं.

चार पावलांवर धाकटी पाठमोरी उभी होती. पाहुणे काहीतरी विचारत होते. हाक मारायची म्हणजे दहा मिनिटांपूर्वीचा आकडा गिळायचा. डायरीतला. थोरलीच्या मनात एक क्षण आलं, आपणच गुपचूप चोळू, सलाईन वाढवू, निभेल. तो क्षण किती लांब होता? चहाच्या कपावर साय धरते, तेवढा. त्या तेवढ्यात तिला मावशी दिसल्या. त्या बादली घेऊन, तिच्याकडे बघत, नुसत्या उभ्या होत्या. 'तराजू असती तर वाचली असती.' तराजू होती की आज. इथंच होती.

"अगं," ती म्हणाली. वॉर्डात, सगळ्यांसमोर. "अगं, इकडे ये. माझा आकडा खोटा आहे. ती फडकी तोल."

"काटा तर..."

"बाळाच्या काट्यावर टाका, मावशी."

मावशींनी बाळाचा काटा ओढला आणि बादलीतली फडकी त्यावर टाकली. वजाबाकी करायला वेळच लागला नाही. एक हजार चाळीस. त्यावर टेबलावरचं नवं फडकं वेगळंच.

पुढच्या पाऊण तासात कोणी कोणाचं काही नव्हतं. धाकटीचे हात कोपरापर्यंत कामात, थोरलीची मूठ शिंपिणीच्या पोटावर, औषध, दुसरं औषध, रक्ताची पिशवी, दुसरी पिशवी. बड्या डॉक्टरांनी कोट काढून सलाईनची बाटली उंच धरली होती आणि त्यांना कोणीतरी "हात वर" म्हणून दटावलंही होतं. सव्वातीनला चेंडू लागला तो चेंडूच राहिला. शिंपिणीनं डोळे उघडून विचारलं, मुलगी कशी आहे. मग म्हणाली, "माझी कात्री कुणाला देऊ नका." मावशी रडल्या आणि बाही उसवलेलीच ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी थोरली अठरा पायऱ्या चढली. धाकटी टेबलाशी बसली होती, समोर तोच ठिपक्यांचा सडा. ती म्हणाली, चूक माझी आहे, काटा पाठवायला नको होता, एखाद्या दिवशी डोळा चुकणारच. थोरली उभीच राहिली. बसलं तर बोलणं होणार नाही, हे तिला माहीत होतं.

"सातव्या नंबरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाक. काटा बघून लिहिल्यात."

"ताई, आज एक चुकली म्हणून..."

"आजची एकच नाही. एकाहत्तर. आधी काटा, मग चिठ्ठी. आठ महिने." तिनं वॉर्डातून बरोबर आणलेल्या नोंदवहीच्या कव्हरातून घडी घातलेली गुलाबी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तीनशे. "ही पहिल्या दिवसाची. काट्यावर पाचशे पन्नास होतं. माझी खरी अशी ही एवढीच."

धाकटीनं चिठ्ठीची घडी उलगडून आकडा वाचला. खाली सासूबाईंचा रेडिओ बातम्या सांगत होता.

"तुमच्या भरवशावर मी काटा पाठवला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "आणखी वीस दवाखान्यांना लिहिणार होते, काट्यावाचून अडू नका म्हणून. का, ताई?"

"तुझा हेवा वाटायचा."

"वाटायचा?"

"वाटतो."

धाकटीनं खण उघडला. तो जुना कागद बाहेर काढला आणि थोरलीसमोर सरकवला. थोरलीनं तो नऊ वर्षांत कधी जवळून बघितला नव्हता. 'सुमारे तीनशे मिली.' अक्षर धाकटीचं होतं.

"मी फडक्यांकडे बघितलंही नव्हतं," धाकटी म्हणाली. "सगळे तीनशे लिहितात म्हणून लिहिलं. तुम्ही रजेवर होता. वॉर्डात आजही म्हणतात, तुम्ही असता तर. मला ते रोज ऐकू येतं. म्हणून तुमचे हिरवे ठिपके बघितले तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणाला तरी दिसतं."

यावर थोरलीला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिला एवढंच वाटलं, की ही बाई आपल्यापेक्षा नीट चुकलीय. आणि हा विचार मनात येताच तिला स्वतःचीच कीव आली. अजून! इतक्यानंतरही!

धाकटीनं कॉम्प्युटर पुढं ओढला. एकेक करत नव्हे, एकदमच हिरवे ठिपके पुसले. रेघ उघडी पडली. मग तिनं ती गुलाबी चिठ्ठी उचलली, तीनशे टाकले, पाचशे पन्नास टाकले. एक हिरवा ठिपका उमटला. खाली, बाकीच्या अकराजणींच्या गर्दीत, रेघेपासून बराच दूर.

"हा राहू दे," ती म्हणाली. "बाकीच्या चिठ्ठ्यांचं मला निबंधात लिहावं लागेल. नाव नाही लिहिणार."

"वॉर्डात मी सांगीन. माझ्या तोंडानं."

"सांगा," धाकटी म्हणाली. 'नको' म्हणाली नाही. ते थोरलीला बोचलं आणि बरंही वाटलं.

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला, अकराजणींसमोर, हातात फडक्यांची थप्पी घेऊन. एकीनं खोकून घेतलं. चहाच्या पैजा त्या दिवसापासून बंद झाल्या, आणि 'तराजू' म्हणायचं लोक विसरले, म्हणजे तिच्यासमोर विसरले. बाळं हातांवर घेऊन ती अजूनही वजन सांगायची, पण मनात. मावशी मात्र त्या दिवशी तिच्यासाठी चहा घेऊन आल्या, कप आदळून ठेवला आणि म्हणाल्या, "साखर मी बघून घातलीय. मोजून नाही."

धाकटी परिषदेला एकटी गेली. निबंधात एक ओळ होती: 'एका सहभागी परिचारिकेच्या एकाहत्तर नोंदी वजनानंतर लिहिल्याचे तिने स्वतः सांगितल्याने वगळल्या आहेत.' शिंपिणीची हकीकतही होती, नाव न घेता. त्या हकीकतीमुळेच म्हणे सभागृह उठून उभं राहिलं, आणि वीस दवाखान्यांना काटे मिळाले. सासूबाईंनी नवं कात्रण पर्समध्ये घातलं. थोरलीचा ओळखपत्राचा फोटो त्यांनी काढला नाही, तो कात्रणाच्या मागे गेला इतकंच. भाजीवाल्याला त्या सांगत होत्या, तेव्हा थोरली शेजारी पिशवी धरून उभी होती. मनातलं ते हेव्याचं दूध वर येऊ लागलं. तिनं बघितलं, येऊ दिलं, फक्त पातेल्याखालचा जाळ वाढवला नाही.

काटा डोंगरापलीकडून परत आला तो तिच्याच टॉवेलात गुंडाळून. धाकटीनं चिठ्ठ्यांचा दुसरा टप्पा सुरू केला आणि नंबर नव्यानं वाटायला घेतले. थोरली म्हणाली, "डॉक्टर, मला सातवाच द्या."

त्या सकाळी पहिलं बाळंतपण झालं. थोरली फडक्यांपुढं उभी राहिली. लाल म्हणजे लाल. घड्या घालताना येते तशी एक ओळ मनात आली, पहिली अर्धी, दुसरी काही केल्या येईना. तिनं ती सोडून दिली. चिठ्ठीवर सात लिहिलं, पुढं लिहिलं, चारशे, आणि डब्यापाशी जाऊन फटीतून आत टाकली. डबा आज रिकामा होता, चिठ्ठी तळाला लागल्याचा आवाज आला. मग तिनं बादली मावशींच्या हातात दिली आणि काट्याकडे पाठ करून उभी राहिली.

"सहाशे तीस," मावशींनी मागून वाचलं.

"पाचशेच्या वर," थोरली म्हणाली. "हाक मारा डॉक्टरांना." आणि तिनं स्वतःच मारली.